फुजीसमोर एक रिकामा दिवस

महाबळेश्वरला तुम्ही किती ‘पॉइंट’ पाहिलेत? हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि त्याचं उत्तर आकड्यातच द्यायचं असतं, हेही मला ठाऊक आहे. आर्थर सीट, केट्स, एल्फिन्स्टन, विल्सन, लॉडविक. ‘सकाळी सातला निघालो, संध्याकाळपर्यंत अकरा केले!’ डोंगर आपण ‘करतो’, दहावीला संस्कृत करावं तसा. हीच सवय सामानात भरून आपण परदेशी येतो आणि मग नायगारा करतो, ग्रँड कॅन्यन करतो, बारा दिवसांत युरोप करतो.

फुजीसुद्धा आम्ही एकदा असाच केला होता. दहा-बारा वर्षांपूर्वी एका पर्यटन कंपनीबरोबर जपानला गेलो तेव्हा त्याच्या वाट्याला एक दिवस आला होता. सकाळी टोकियोहून बस. चुरेइतो पॅगोडाच्या ३९८ पायऱ्या चढून, फोटो काढून, उतरून चाळीस मिनिटं. मग ओशिनोचे झरे, पंचवीस मिनिटं. मग डबाबंद जेवण, मग बसनेच डोंगरावर पाचव्या ठाण्यापर्यंत, म्हणजे २,३०५ मीटर उंचीवर. शेवटी कावागुची सरोवर, दहा मिनिटं, कारण तोवर आधीच उशीर झाला होता. फुजी दिवसभर ढगात. साकुराची, म्हणजे चेरीची, फुललेली झाडं बसच्या खिडकीतून दिसली. एक गुलाबीसर पट्टा सरकत गेला. त्या दिवसाचा माझा एक फोटो घरात आहे. त्यात पॅगोडा आहे, मी आहे, माझे डोळे मिटलेले आहेत आणि मागे जिथे फुजी हवा तिथे करडा पडदा आहे.

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, “अहो, इथे एकदा नुसतं बसायला येऊ या.”

मी “हो” म्हणालो. ‘नुसतं बसायला’ ही तिची मागणी लग्नाइतकीच जुनी. तिला माझा ‘हो’ही तितकाच जुना. आधी पेपर तपासायचे असत, मग विद्यार्थ्यांचे प्रबंध, आणि निवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या समित्या! गेल्या हिवाळ्यात मात्र माझ्या हृदयात दोन स्टेंट बसले. दिवाळी अंकात तब्येतीचं पुराण लावत नाही. एवढंच सांगतो, की डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली आणि तीन आठवड्यांत घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आलं, की या माणसाला ती घेता येत नाही. मुलीने मग परस्पर तिकिटं काढली. एप्रिलच्या मध्यावर कावागुची सरोवराच्या उत्तर काठावर, डोंगराकडे तोंड असलेल्या एका लहानशा रियोकानात, म्हणजे जपानी पद्धतीच्या पाहुणघरात, दोन रात्री. रियोकानात दुपारी तीनला प्रवेश मिळतो आणि सकाळी दहाला खोली सोडावी लागते. एक रात्र राहणाऱ्याला बसायला वेळ मिळतो कुठे? दोन रात्री राहिलात, की मधे एक अख्खा दिवस उरतो, ज्यात कुठून यायचं नाही आणि कुठे जायचं नाही. तुम्ही जाणार असाल तर एवढी एक गोष्ट माझी ऐका.

आणि तारखेची. टोकियोत साकुरा साधारण मार्चच्या शेवटी फुलतो. कावागुची समुद्रसपाटीपासून ८३० मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे तिथे तो दोनेक आठवडे मागे असतो. जपानचं हवामान खातं दरवर्षी फुलण्याची अधिकृत घोषणा करतं. टोकियोचं नमुन्याचं झाड यासुकुनी देवळाच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमलली, की शहरात साकुरा फुलला असं जाहीर होतं. ऐंशी टक्के फुलं उमलली, की पूर्ण बहर. लोकांचा स्वतःचा एक ठोकताळाही आहे. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची. ती ६०० अंशांवर गेली, की टोकियोत फूल. आपल्याकडे मृगाचा वाहन कोणतं बघून पावसाचा अंदाज करतात, त्यापेक्षा हे गणित बरंच बरं आहे.

तर आम्ही पोचलो. खोलीत तातामीच्या चटया, मधे बुटकं मेज, आणि खिडकीला लागून लाकडी तक्तपोशीची अरुंद पडवी, तिच्यात समोरासमोर दोन खुर्च्या. खिडकीबाहेर बाग, बागेपलीकडे रस्ता, मग सरोवर, आणि सरोवरापलीकडे ३,७७६ मीटर उंचीचा जो डोंगर असायला हवा होता तिथे ढग.

खोलीत घालायला युकाता ठेवलेले असतात. मी माझा गुंडाळला आणि मिरवत खाली गेलो. मालकीणबाईंनी, म्हणजे ओकामीसाननी, कमरेत वाकून नमस्कार केला आणि काही न बोलता स्वतःच्या गळ्यापाशी बोट नेऊन डावी बाजू उजवीवर येते ती दाखवली. माझी उलटी होती. जपानात उजवी बाजू वर फक्त प्रेताला नेसवताना घेतात, हे मला मागाहून कळलं. दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेल्या माणसाला पाहून त्या बाईंना काय वाटलं असेल!

गरम पाण्याच्या सामाईक न्हाणीघराबद्दल आपल्या लोकांना भारी संकोच असतो, कारण तिथे अंगावर काहीच ठेवायचं नसतं. मलाही होता. पण तिथे बुटक्या लाकडी स्टुलावर बसून, लहान बादलीने अंगावर पाणी घेऊन, साबण लावून आधी स्वच्छ आंघोळ करायची असते. बंबातलं पाणी बादलीत काढून पाटावर बसून आंघोळ केलेल्या माझ्या पिढीला यात नवीन काय? साबणाचा थेंब अंगावर राहिला नाही, की मगच कुंडात उतरायचं. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. सगळे तो घडी करून डोक्यावर ठेवतात. मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं, म्हणून दहा मिनिटांच्या वर बसलो नाही. या घरात दोन उघडी कुंडं होती, एक डोंगराकडे तोंड असलेलं आणि एक मागच्या बागेकडे. पुरुष आणि बायका यांची कुंडं रोज सकाळी बदलतात, दारावरचे निळे-लाल पडदे अदलाबदल करून, म्हणजे दोन्हीकडचं दृश्य सगळ्यांना मिळतं. त्या संध्याकाळी डोंगराकडचं कुंड पुरुषांचं होतं. मी अंधारात ढगाकडे बघत बसलो.

दुसरा दिवस उजाडला तो भुरभुर पावसात. न्याहारी साडेआठला आटोपली. पावणेनऊला आता काय करायचं, ते मला कळेना.

हे वाचताना तुम्ही हसाल, पण तुमचाही असा दिवस आठवून बघा, ज्यात काहीच ठरलेलं नव्हतं. मी फोनवर हवामान पाहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं. सरोवरातली बदकं मोजली. तासाभरात काय काय बघून होईल याची यादी केली: बोट, दोरीवरचा पाळणा, एक देऊळ, दोन बागा. ही शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती, हातात पेला, नजर ढगाकडे. यादी वाचून दाखवली तर म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी आहे.” तिच्या ‘मी आहे’मध्ये राग नव्हता, म्हणूनच मला जाता आलं नाही.

मी बागेत गेलो. तिथे मला एक झाड भेटलं.

सरोवराच्या काठाने फुललेली, पर्यटक ज्याचे फोटो काढतात ती झाडं सोमेई-योशिनो या वाणाची आहेत. बागेतलं झाड तसलं नव्हतं. माझ्या डोक्याहून थोडंच उंच, फांद्या बारीक, फुलं रुपयाच्या नाण्याएवढी, पांढरी, देठाशी किंचित लाल, आणि सगळीच्या सगळी खाली मान घालून लोंबलेली. ओकामीसान छत्री घेऊन मागे आल्या. आमच्या दोघांच्या मधे फोनमधला दुभाषा. त्या म्हणाल्या, हा फुजीझाकुरा. सासऱ्यांनी डोंगरावरून रोप आणून लावलं होतं, तिकडे बाहेरच्यांची तारीख ठरलेली असते, हा आपल्या सवडीने फुलतो.

त्यांच्या या वाक्यावर माझा सगळा दिवस गेला. चाळीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला ते आधीच सुचायला हवं होतं.

तुम्हाला आंब्यावरून सांगतो. कोकणात आंबे दोन जातींचे: हापूस आणि रायवळ. हापूस कलमाचा. एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधायची, त्याच्या काड्या आणखी दहांवर. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात ही विद्या आंब्यावर वापरली गेली, आणि तेव्हापासून हापूसची झाडं म्हणजे एकाच झाडाची फाटत गेलेली अंगं. रायवळ कोयीतून उगवतो. प्रत्येक झाड वेगळं. एक गोड, एक आंबट, एक नुसत्या रेषांचा, आणि प्रत्येकाला गावात त्याचं त्याचं नाव.

सोमेई-योशिनो हा साकुरातला हापूस आहे. एदो काळाच्या अखेरीस, आजच्या टोकियोत सामावलेल्या सोमेई नावाच्या खेड्यातल्या माळ्यांनी तो विकायला आणला. एदोहिगान आणि ओशिमा या दोन साकुरांचा तो संकर. पानं यायच्या आधी नुसती फुलं, तीही भरभरून, आणि रोप वाढतं झपाट्याने. शाळा, नदीकाठ, देवळं, रस्ते, सगळीकडे तोच लावला गेला. त्याच्या दोन झाडांत आपसांत बी धरत नाही, म्हणून प्रत्येक रोप कलमाचंच. डीएनए तपासणीतूनही तेच निघालं: जपानभर सगळं एकच झाड आहे. वॉशिंग्टनच्या टायडल बेसिनवर आपण दरवर्षी मुलाबाळांसकट जातो, तिथली योशिनो झाडंही याच वाणाची. टोकियोने पाठवलेली पहिली दोन हजार झाडं कीड निघाल्यामुळे १९१० साली जाळावी लागली होती. १९१२ मध्ये पुन्हा ३,०२० आली, त्यांतली निम्म्याहून जास्त योशिनो.

आता कोडं सुटतं. एका गावातली सगळी झाडं एकाच दिवशी का फुलतात? एकच झाड आहे म्हणून. ती आठवड्याभरात एकदम का झडतात? त्याच कारणाने. विमानकंपन्या, हॉटेलं, आम्ही, तुम्ही, सगळे एकाच आठवड्यात तिथे का जाऊन आदळतो? तेही त्याच कारणाने! साकुरा म्हटला, की क्षणभंगुरतेबद्दल लिहायची पद्धत आहे, आणि ती हजार वर्षं जुनी आहे. पण सगळा देश एकाच आठवड्यात फुलण्याची ही तऱ्हा जेमतेम दीडशे वर्षांची, माळ्यांनी घडवलेली. त्याआधी लोक बघत ते डोंगरातले रायवळ साकुरा. आजही नारा प्रांतातल्या योशिनो डोंगरावर मुख्यतः तेच आहेत. फुलांबरोबर तांबूस पालवी, प्रत्येक झाडाचा रंग निराळा, आणि बहर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हळूहळू चढत जातो.

मी वर जाऊन हे सगळं हिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बसा आता.” मी बसलो. बहुधा साडेदहा वाजले असतील. त्यानंतर मी बराच वेळ घड्याळ पाहिलं नाही, म्हणून खात्रीने सांगता येत नाही.

नुसतं बसल्यावर दिसतं ते असं: ढग एक नसतो, तीन थरांचे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांनी चालतात. पाऊस सरोवरावर सरकत येताना पाण्याचा रंग आधी बदलतो. चष्मेवाला, जपानी लोक त्याला मेजिरो म्हणतात, आपल्याकडच्या चष्मेवाल्याचाच भाऊबंद, खाली लोंबणाऱ्या फुलात मध पिण्यासाठी उलटा टांगतो. डोंगर दिसत नव्हता. जपानीत साकुराच्या दिवसांतल्या अशा आभाळाला हानागुमोरी म्हणतात, ‘फुलांचं मळभ’, आणि त्या दिवसांतल्या गारठ्याला हानाबिए. पाकळ्या वाऱ्यावर उधळल्या, की फुलांचं हिमवादळ. पाण्यावर तरंगत एकत्र जमल्या, की फुलांचा तराफा. ज्या हवेमुळे आपण ‘पैसे फुकट गेले’ म्हणतो तिला ज्यांनी नाव देऊन ठेवलं आहे, त्या लोकांशी भांडण काय करायचं?

पाऊस थांबल्यावर काठाने फिरायला गेलो. गर्दी होती. सगळ्यांची तोंडं ढगाकडे आणि फोन तयार. या गावाने गर्दीचा असा धसका घेतला आहे, की २०२४ च्या मे महिन्यात एका दुकानामागे फुजी दिसतो त्या प्रसिद्ध जागेसमोर नगरपालिकेने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी लावली होती. लोक रस्त्यात उभे राहत, कचरा टाकत, वाहनं अडवत. ऑगस्टमध्ये ती काढली. डोंगर झाकायला जाळी लावावी लागते म्हणजे पाहुण्यांनी काय केलं असेल, याचा विचार करा. त्या पाहुण्यांत आपणही असतो.

याच सरोवराचं होकुसाईचं एक चित्र आहे. ज्या मालिकेने तो जगाला माहीत झाला ती त्याने सत्तरीच्या आसपास काढली, ही गोष्ट मी आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर वरचेवर सांगतो. त्या चित्रात फुजी उन्हाळ्यातला, बोडका, आणि सरोवरातलं त्याचं प्रतिबिंब मात्र हिवाळ्यातलं, बर्फासकट. शिवाय प्रतिबिंब डोंगराच्या बरोबर खालीही नाही, बाजूला सरकलेलं. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने अशी आकृती काढली असती तर मी लाल शाईने गोल केला असता. सरोवराच्या उत्तरेला वर मिसाका खिंड आहे. तिथल्या चहाच्या घरात लेखक दाझाई ओसामू १९३८ च्या शरदात येऊन राहिला होता. समोरचा देखावा पाहून तो आधी चक्क वैतागला होता. सार्वजनिक न्हाणीघराच्या भिंतीवर रंगवतात तसला वाटला त्याला. इतकं सुबक काही समोर आलं, की आपल्यालाही जरा अवघडल्यासारखं होतंच.

जेवायला होतो खाल्लं. हा यामानाशी प्रांताचा पदार्थ. कणकेच्या रुंद, जाड पट्ट्या न उकडता थेट रश्शात सोडतात, बरोबर लाल भोपळा, कांद्याची पात, अळंबी, आणि रश्शाला मिसो. उकळत्या लोखंडी भांड्यातच समोर येतो. पहिला घास घेतल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं: वरणफळं! फक्त गूळ-आमसूल नाही आणि वरून तूप नाही. शाकाहारी मंडळींनी आधी चौकशी करावी, कारण रश्शात मुळात वाळलेल्या मासळीचं पाणी असतं. आमच्यासाठी मुलीने आठवडाभर आधी कळवलं होतं, म्हणून रियोकानातून त्या दुकानात निरोप गेला आणि शिताके व समुद्रशेवाळाच्या पाण्यात वेगळं शिजवून मिळालं. ऐन वेळी ‘प्युअर व्हेज’ म्हणून हात हलवलात तर बिचारे घाबरतात.

दुपारी एक पाप केलं. बसून राहायच्या दिवशी एक ठिकाण पाहिलं. पण ते हिने मागितलं होतं, म्हणून माझ्या खात्यावर नाही. इच्चिकू कुबोता या किमोनो-कलावंताचं संग्रहालय उत्तर काठावरच आहे. वयाच्या विसाव्या वर्षी कुबोताने टोकियोच्या संग्रहालयात लुप्त झालेल्या त्सुजिगाहाना रंगाईचा एक जुना तुकडा पाहिला आणि ती परत आणायचं ठरवलं. मग युद्ध आलं, सायबेरियातली कैद आली. पहिलं प्रदर्शन भरवलं तेव्हा तो साठ वर्षांचा होता. ऐंशी किमोनो शेजारी शेजारी टांगले, की एकच अखंड निसर्गचित्र व्हावं, अशी त्याची योजना होती. २००३ मध्ये तो गेला तेव्हा ती अपुरीच होती. मूळ कसब कापड बांधून रंगवायचं, म्हणजे आपल्या बांधणीचीच बहीण. ही तिथे एकेका किमोनोसमोर इतकी थांबली, की तिचा हात शिवायला पुढे जाईल या धास्तीने पहारेकरीण मागे येऊन उभी राहिली.

परतल्यावर ओकामीसाननी साकुराचा चहा आणला. चहा म्हणायचा, पण त्यात चहा नाही. मिठात मुरवलेलं दुहेरी पाकळ्यांचं साकुराचं फूल गरम पाण्यात टाकायचं. ते पेल्यात पुन्हा उमलतं. चव खारट, वास मात्र गोड. हा वास ताज्या फुलाला जवळजवळ नसतो. मिठाने पेशी फुटतात, तेव्हा कुमारिन नावाचं द्रव्य मोकळं होतं, त्याचा तो वास. खारवलेल्या पानात गुंडाळलेला साकुरामोची खाल्ला असेल तर तुम्हाला तो ओळखीचा असेल. लग्नसमारंभात हेच पेय देतात, असं त्या म्हणाल्या. मग लग्नाला किती वर्षं झाली ते विचारलं. मी आकडा सांगितला तो चुकला. हिने दुरुस्त केला. दुभाषा फोनने दोन्ही आकडे इमानदारीने जपानीत सांगितले.

त्यांना मीही एक विचारलं: काठावरची झाडं कशी आहेत? कारण सकाळी मी खोडं पाहिली होती, पोकळ, टेकू दिलेली, काहींवर फांद्यांचे झुपके झालेले. एक बुरशी आहे, तिने असे ‘चेटकिणीचे झाडू’ होतात, आणि सोमेई-योशिनोला ती लवकर धरते. युद्धानंतर लावलेली हजारो झाडं आता एकाच वेळी म्हातारी झाली आहेत, माझ्या पिढीची आहेत. एकच झाड असल्यामुळे एकाला जे बाधतं ते सगळ्यांना बाधतं. काही ठिकाणी त्यांच्या जागी आता जिंदाई-आकेबोनो नावाचा दुसरा वाण लावतात. त्यात हवामान. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपतात. त्यांना जागं करायला थंडी लागते, आणि मग फुलायला ऊब. थंडी कमी पडली, की कळीची झोपच पुरी होत नाही. क्यूशूच्या दक्षिण टोकाला काही वर्षी फूल टोकियोच्याही मागे पडतं ते यामुळे. उलट क्योतोत, जिथे रोजनिशांमधून नवव्या शतकापासूनच्या बहराच्या तारखा जुळवता येतात, तिथे २०२१ चा बहर २६ मार्चला आला. बाराशे वर्षांत इतका लवकर कधी आला नव्हता. कोकणातल्या बागायतदाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. रात्री गार पडल्या नाहीत, की मोहोर कसा रुसतो ते त्याला ठाऊक आहे. टायडल बेसिनवर ‘स्टंपी’ नावाचं ते खुरटं, पोकळ झाड आठवतं ना, २०२४ मध्ये भिंतीच्या कामासाठी तोडलं ते? माझ्या नातीने त्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली होती. त्याची कलमं करून ठेवली आहेत, हे तिला मीच सांगितलं होतं.

ओकामीसान खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, काठावरची दोन गेल्या वर्षी पाडली. बागेतलं मात्र ठीक आहे. त्याच्या बिया पाखरं कुठे कुठे टाकतात, दोन रोपं शेजाऱ्याच्या कुंपणात उगवली आहेत.

संध्याकाळी जेवण, दहा-बारा चिमुकल्या वाडग्यांतून, प्रत्येकात दोन घास. नऊला गाद्या घातल्या गेल्या. जमिनीवर झोपून उठताना गुडघ्यांनी आवाज केला, पण झोप लागली ती अशी, जी इस्पितळातून आल्यावर मला लागली नव्हती.

पाचला जाग आली. ही आधीच पंचा घेऊन खाली गेली होती. मीही गेलो. पडदे बदललेले; निळा आता बागेच्या बाजूला. उघड्या कुंडात मी एकटाच. समोर दगडी दिवा, शेवाळ, आणि तोच फुजीझाकुरा, मागच्या अंगाने. फुलं खाली वळलेली असल्यामुळे पाण्यात बसून वर पाहिलं, की ती थेट आपल्याकडे तोंड करून असतात. उभ्याने हे कळलं नव्हतं. एका फांदीवर सतरा होती. प्रत्येकाच्या टोकाला रात्रीच्या पावसाचा थेंब. भिंतीपलीकडून बायकांचं बोलणं ऐकू आलं, मग एकदम तिघी-चौघींचा लांब ‘आऽऽ’. मला वाटलं, कुणी घसरलं की काय. पण पाठोपाठ हसणंही आलं, त्यात एक ओळखीचं.

अंग पुसून, युकाता डावी बाजू वर घेऊन नीट नेसून, मी वर खोलीत आलो. सरोवरावर ऊन होतं. पलीकडे ढग.

ही दहा मिनिटांनी आली, केस ओले, गाल लाल. “अहो, दिसला! पूर्ण. वरपासून खालपर्यंत. वीस मिनिटं तरी होता.”

“हाक का नाही मारलीत?”

“बायकांच्या न्हाणीघरातून?”

मग तिने सांगायला सुरुवात केली. आधी नुसता माथा, ढगाच्या वर, इतका वर की तिथे डोंगर असेल असं तिला वाटलंच नव्हतं. गुलाबी, मग पिवळट, मग पांढरा. शेजारच्या दोन म्हाताऱ्या जपानी बायकांनी हात जोडले, म्हणून तिनेही जोडले, पाण्यातूनच. मी विचारलं, बर्फ कुठवर होतं? तिने हाताने दाखवलं. डावीकडच्या उतारावर तो जुना फुगवटा दिसला का, १७०७ च्या स्फोटातला? “तो बघायचा राहिला,” ती म्हणाली, “पण तुमचं झाड कसं होतं?”

मी सांगितलं. न्याहारी येईपर्यंत आम्ही त्या दोन खुर्च्यांत बसून होतो. दहाला खोली सोडायची होती आणि अजून सामान भरायचं होतं.